वारेची सुई

संयोगितानं वरवंटा उचलून नवऱ्याच्या अंगावर फेकला, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद तिच्या सासऱ्यांना झाला.

सकाळची गडबड होती. धैर्यशील स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून चहा पीत होता आणि साखर कमी झालीय एवढंच म्हणाला होता. वरवंटा त्याच्या कानाजवळून गेला, खांदा सोलून काढला आणि मागच्या फ्रीजला भलामोठा पोचा पाडून फरशीवर आदळला. चहा शर्टावर सांडला. संयोगिता पाट्यापाशी तशीच उभी होती. पाचव्या महिन्याचं पोट दिसत होतं आणि श्वास जोरजोरात चालला होता. चेहऱ्यावर पश्चात्ताप वगैरे काही नव्हता.

आवाज ऐकून आण्णा आले. आण्णा म्हणजे पेठेतल्या तालमीचे वस्ताद. सत्तरी उलटली होती, पण मान अजून खोंडासारखी. त्यांनी आधी वरवंटा बघितला, मग फ्रीज, मग सून. मुलाकडे बघायची त्यांना गरज वाटली नाही.

"एका हातानं मारला?" त्यांनी विचारलं.

"आण्णा, डोक्यात बसला असता," धैर्यशील म्हणाला.

"बसला न्हाई न्हवं? मग गप. पोटात मल्ल हाय, तुला सांगून ठेवतो."

मागोमाग आई आली. तिनं मुलाच्या खांद्याला हळद लावली आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. "डोहाळं हायत रं. कुणाला चिंच लागती, कुणाला भाजकी माती लागती. हिला मारायचं लागल्यात. डोहाळं पुरवायचं असत्यात, न्हाईतर पोराचं कान फुटत्यात."

हा आनंद ज्या दुःखावर उभा होता ते सांगायला हवं. संयोगिताचे याआधीचे दोन गर्भ सहाव्या महिन्याच्या आत गेले होते. बाळात व्यंग नव्हतं, तिच्यात रोग नव्हता. बाळ वाढायचं थांबलं आणि मग त्याचं हृदय थांबलं, दोन्ही वेळा. दुसऱ्यांदा तर बालवाडीची नोकरी सोडून ती महिनोन्‌महिने भिंतीकडे तोंड करून पडून होती. आता तिसरी खेप होती आणि तिच्या दंडात दर आठवड्याला एक नव्या जातीची सुई टोचली जात होती. त्यामुळे मूल जिवंत असल्याची कुठलीही खूण त्या घराला गोड लागत होती. फ्रीज फुटला असता तरी त्यांनी पेढे वाटले असते.

सुई देणाऱ्या डॉक्टर शिकलगार ठेंगण्या, पन्नाशीच्या आणि तोंडानं फटकळ होत्या. पहिल्याच भेटीत त्यांनी संयोगिताच्या पोटावर एक रुंद पट्टा बांधला आणि नवरा-बायकोला पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर वार दिसायला लागली. बाळामागून पडते आणि आपल्याकडे कुणी नीट न बघताच पुरून टाकतं, ती वार. दोन हजार चव्वेचाळीस सालापर्यंत तिला काम करताना पाहण्याची सोय झाली होती. कुठला पदार्थ तिच्यातून किती जातोय ते पट्टा रंगात दाखवायचा.

"हे हिरवे ठिपके फोलेटचे," बाई म्हणाल्या. "पालेभाजीतलं, हरभऱ्यातलं जीवनसत्त्व. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर डीएनएची नक्कल करावी लागते आणि फोलेटशिवाय ती होत नाही. बाळ म्हणजे नुसत्या दुप्पट होत जाणाऱ्या पेशी. त्याला हे सारखं लागतं."

"गोळ्या तर ही लग्नापासून घेते," धैर्यशील म्हणाला.

"गोळीनं फोलेट आईच्या रक्तात येतं. तिथून बाळात नेणं हे वारेचं काम. वारेवर त्यासाठी दारं असतात. एका जातीचं दार फोलेट दिसलं की पकडून आत घेतं, दुसऱ्या जातीची दारं ते पुढं बाळाकडं सोडतात. चांगली वार इतकी हावरी असते, की आईच्या रक्तात असतं त्याहून जास्त फोलेट ती बाळाच्या रक्तात भरून ठेवते. तुमच्या वारेत ही दारंच थोडी आहेत. बाजार भरलाय, पण घरात सामान न्यायला वाट नाही."

पडद्यावरचे हिरवे ठिपके वारेच्या काठाशी घोटाळत होते. संयोगिता त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"सुईत काय असतं?" तिनं विचारलं.

"वारेलाच जाऊन चिकटतील असे सूक्ष्म थेंब. त्यांच्यात दारं बनवायची कृती भरलेली असते. वारेच्या पेशी ती वाचतात आणि नवी दारं उभी करतात. आठवडाभरात कृती विरून जाते, मग पुन्हा सुई."

धैर्यशील शिरोलीच्या एका फाउंड्रीत ओतकामाची तपासणी करायचा. त्याला रायझर आठवला, साच्याशेजारचा जादा रसाचा कप्पा. साच्यातलं लोखंड थिजताना आकसतं आणि कमी पडलेला रस शेजारच्या रायझरमधून ओढून घेतं. नग भरीव निघतो, रायझर आतून पोकळ होतो.

"वारेनं एवढं ओढलं तर हिला कमी नाही पडणार?"

"चांगला प्रश्न आहे," बाई म्हणाल्या आणि संयोगिताच्या दंडावर एक पातळ टिकली चिकटवली. "ही रक्तातलं फोलेट मोजत राहील. हिरवी आहे तोवर काळजी नाही. आणि स्वभावात, झोपेत काही बदल झाला तर लगेच सांगायचं. नव्या औषधाचा नियम आहे, तसं काही दिसलं तर सुई थांबवावी लागते."

सुई लागू पडली. तिसऱ्या आठवड्यात पडद्यावर हिरव्याची धार लागली. वाढ खुंटलेलं बाळ वाढायला लागलं, लाथा मारायला लागलं. टिकली कायम हिरवी होती. आणि संयोगिता, जी बालवाडीत कुणाचं नाक पुसताना सुद्धा "दुखलं का रे?" म्हणून विचारायची, ती माणसांना मारायला लागली.

आण्णांनी कुंभाराकडून गाढवभर कच्ची मडकी आणून तालमीच्या अंगणात रचली. रोज दुपारी सूनबाई तिथं जायच्या आणि मडकी फोडायच्या. हातानं, पायानं, काठीनं. तालमीची पोरं कौतुकानं बघायची. एके दिवशी एका स्कूटरवाल्यानं तिला वाट दे म्हणून हॉर्न दिला. तिनं त्याला कॉलर धरून खाली ओढलं आणि बरगडीत लाथा घातल्या. पेठेत तोवर असं काही बाईमाणसानं केलं नव्हतं. लोकांनी स्कूटरवाल्यालाच दम दिला, गरोदर बाईला हॉर्न मारतोस म्हणून. आण्णांच्या तर छातीत चार इंच भर पडली.

दर आठवड्याला बाई विचारायच्या, "स्वभावात काही बदल?" आणि दर आठवड्याला सोबत आलेली आई हसून म्हणायची, "डोहाळं कडक हायत, बाकी काय न्हाई." संयोगिता मान खाली घालून बसायची. बाईही हसायच्या. डोहाळे कुणाला नसतात?

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. हल्ली लोक नावेतलं, चंद्रावरचं, काय काय करतात. संयोगितानं तलवार मागितली. दसऱ्याला पूजतात ती, घरातली, खरी. आण्णांनी ती स्वतः लखलखीत करून दिली. हिरवा शालू, फुलांचे दागिने, मांडीवर तलवार. बायका ओटी भरत होत्या, कुणी गाणी म्हणत होतं, आणि फोटो काढणारा म्हणाला, "दादा, जरा वहिनींच्या जवळ या. हसा की."

धैर्यशील जवळ गेला आणि त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तलवार उचलली आणि फिरवली.

क्षणभर टाळ्या पडल्या. सगळ्यांना वाटलं फोटोसाठीच आहे. मग धैर्यशीलच्या बाहीतून रक्ताची चिळकांडी उडून बत्ताशांच्या ताटात पडली. पुढचा वार त्यानं पाट पुढं धरून अडवला. पाटाची ढलपी निघाली. तिसऱ्या वेळी आईनंच मागून तिचं मनगट धरलं आणि ओरडत, रडत, तलवार सोडवली. ओटीतला नारळ गडगडत उंबऱ्यापर्यंत गेला.

हाताला बावीस टाके पडले. पेठेतल्याच एका ओळखीच्या डॉक्टरांकडे ते घातले. घरी आल्यावर धैर्यशील माडीवर गेला. संयोगिता पलंगावर बसून केसांतली फुलं ओढून काढत होती. फुलांबरोबर केस येत होते, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"उद्या मी बाईंना सगळं सांगणार आहे," तो म्हणाला. तो दारातच उभा होता. हल्ली तो तिला आपल्या आणि दाराच्या मध्ये येऊ देत नसे.

"सांग. सुई बंद करतील."

"हे डोहाळे नाहीत, संयोगिता."

"मला काय सांगतोस?" ती म्हणाली. "दुसऱ्या सुईलाच मला कळलं. कानाच्या मागं उकळी फुटते. समोर जो असेल त्याचं तोंड फोडावंसं वाटतं. मारलं की निवतं. खरं सांगू? छान वाटतं. तुला लागलं की जास्तच."

त्याचा दुसरा हात टाक्यांवर गेला.

"डोहाळे म्हणून आईंच्या कानात मीच घातलं. त्यांना आवडेल हे माहीत होतं. तू डॉक्टरकडे बोलशील याचीच भीती होती." तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले. "दोन पोरं मी आत मरताना ऐकलीत, धैर्य. हे लाथा मारतंय. तू हात मोडून घे, पाय मोडून घे, पण ह्याची सुई बंद पडू देऊ नकोस. एवढं कर."

अशा बायकोवर माणसानं चिडावं की तिच्या पाया पडावं? धैर्यशीलला दोन्ही करावंसं वाटलं आणि त्यानं यांतलं काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी हाताकडे बघून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "फाउंड्रीत लागलं. पत्र्याची धार." सुई टोचली गेली. परत येताना गाडीत संयोगितानं त्याच्या टाक्यांवर बोटं ठेवली आणि दाबली. तो गाडी चालवत राहिला. पुढचे दिवस त्याच्या अंगावर एक निळा डाग विरायच्या आत दुसरा उठत होता. तो पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायचा, फाउंड्रीत हसायचा आणि घरी जिन्यावर पाऊल वाजलं की उठून दाराजवळ उभा राहायचा. तिचा राग तो समजून घेत होता. स्वतःच्या पोटात साठत चाललेल्याकडे त्यानं बघितलं नाही. बायकोचा मार खाणाऱ्या नवऱ्याला असं काही साठतं हे त्याला कुणी सांगितलंही नव्हतं.

एका दुपारी बाईंचा फोन आला. एकट्यानंच या, म्हणाल्या.

"साताऱ्याकडची एक बाई ह्याच सुईवर होती," बाईंनी सांगितलं. त्यांचा आवाज बसलेला होता. "परवा तिनं सख्ख्या आईला विहिरीत ढकललं. आई गेली. आम्ही तिच्या मणक्यातलं पाणी काढून तपासलं. रक्तात फोलेट भरपूर आणि मेंदूच्या पाण्यात जवळजवळ शून्य."

"म्हणजे?"

"सुईनं वारेवर इतकी दारं उगवली, की त्यांचे तुकडे सुटून आईच्या रक्तात आले. काहींच्या शरीरानं ते परके मानले आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली. ती त्या दारांना जाऊन कुलपासारखी बसतात. वारेचं त्यानं अडत नाही, सुई तिला नवी दारं देतच असते. पण अगदी तशीच दारं मेंदूतही असतात, जिथं मेंदूतलं पाणी तयार होतं तिथं. तिथली सगळी बंद. रक्त भरलेलं, आमची टिकली हिरवी, आणि मेंदू उपाशी. उपाशी मेंदू पहिल्यांदा रागाचा लगाम सोडतो." बाईंनी त्याच्या बाहीकडे बघितलं. "तुमचा हात पत्र्यानं कापला नव्हता."

"नाही."

"दर आठवड्याला मी विचारत होते. दर आठवड्याला डोहाळे. आणि मीही हसत होते."

"आता सुई बंद करणार?"

"बंद केली तर ती कुलपं वारेलाच बसतील आणि बाळ दोन-चार दिवसांत जाईल. नाही, सुई चालू ठेवायची. याच जीवनसत्त्वाचं दुसरं रूप आहे, फोलिनिक अ‍ॅसिड. ते वेगळ्या दारानं मेंदूत शिरतं. आजपासून मोठ्या मात्रेत द्यायचं, पण इथं, माझ्या डोळ्यांसमोर. गाडी देते. घेऊन या त्यांना. आणि काही बोलू नका, मी समजावीन."

बाईंचा हा शेवटचा सल्ला चांगला होता. धैर्यशीलनं तो मानला नाही, कारण आनंद त्याच्या पोटात मावेना. सुई बंद होणार नव्हती. बायको परत मिळणार होती. पेठेत उतरून तो जवळजवळ धावतच तालमीच्या अंगणात शिरला. मागून हॉस्पिटलची दोन माणसं स्ट्रेचर काढत होती.

संयोगिता फुटक्या मडक्यांच्या ढिगात उभी होती. आण्णा आखाड्याच्या कट्ट्यावर बसून माती चाळत होते, आई मागच्या दारापाशी ओट्यावर होती. संयोगितानं आधी त्याला बघितलं, मग त्याच्यामागचं स्ट्रेचर.

"सांगितलंस," ती म्हणाली.

"ऐक. दुसरं औषध आहे. सुई चालूच राहणार आहे, बाई स्वतः म्हणाल्या."

"किती छान बोलतोस रे. पत्र्याची धार लागली, ते पण असंच बोलला होतास, पापणी न हलवता. मीच शिकवलं ना तुला?" ती मागं सरकली आणि तिच्या हाताला पोरांचं लाकडी मुद्गल लागलं. ते तिनं उचललं. "जवळ आलात तर डोकं फोडीन. एकेकाचं."

स्ट्रेचरवाली माणसं फाटकातच थबकली. मुद्गल घेऊन ती आखाड्याला वळसा घालत मागच्या दाराकडे निघाली. त्या दारापुढं आई होती.

आण्णा उठले. सासऱ्यानं सुनेच्या अंगाला हात लावायचा नाही, हे त्या घरात अजून पाळत. लग्नात तिनं वाकून नमस्कार केला, तेव्हाही त्यांनी आशीर्वाद हवेतल्या हवेतच दिला होता. त्यांनी आधी हात जोडले. "सूनबाई, हात लावतोय. माफी असावी." आणि मागून जाऊन त्यांनी तिला काखेतून धरलं. पोटाला धक्का लागू नये म्हणून दोन्ही पंजे वर, खांद्यांवर अडकवले. हजार कुस्त्या मारलेल्या माणसानं आयुष्यातली सगळ्यांत हलकी पकड घातली, आणि म्हणूनच ती सुटली.

तिनं डोकं मागं हाणलं. आण्णांचं नाक फुटलं. पकड ढिली झाली तशी ती वळली आणि मुद्गल फिरवलं. जबडा मोडल्याचा आवाज ओट्यापर्यंत ऐकू गेला. आण्णा गुडघ्यावर आले. दुसरा घाव डोळ्यावर बसला आणि ते आखाड्याच्या मातीत आडवे झाले. आई किंचाळली. धैर्यशील धावला.

तो पोचेपर्यंत जे झालं ते फार थोड्या वेळात झालं. संयोगिता आण्णांकडे बघत होती. त्यांच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. तिची बोटं उघडली. मुद्गल मातीत पडलं. "आण्णा," ती म्हणाली, बालवाडीतल्या आवाजात म्हणाली, आणि धैर्यशीलकडे वळली.

त्यानं तिला मारलं. चापट नाही, मूठ. सगळं अंग मागं घेऊन, नेम धरून, तोंडावर. महिनोन्‌महिने खाल्लेला सगळा मार त्या मुठीत होता, आणि मारताना त्याला फार बरं वाटलं. ती मागं कोलमडली आणि कट्ट्याच्या दगडी कडेवर कुशीवर आपटली.

स्ट्रेचरवाली माणसं आत धावत आली, तेव्हा आण्णा रक्तात पडलेले होते, मुद्गल शेजारी होतं आणि गरोदर बाई कट्ट्यावरून घसरत होती. त्यांनी जे पाहिलं त्यावरून, मुलानं बापाला वाचवायला हात उचलला, असं समजून घेतलं. आई आण्णांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनंही तेच समजून घेतलं. संयोगिताच्या साडीवर लाल डाग पसरत गेला.

बाळ पोट फाडून काढलं. मुलगी, ओंजळीत मावेल एवढी. रडली नाही, पण छाती हलत होती. तिला काचेच्या पेटीत ठेवलं.

बाईंनी धैर्यशीलला आत बोलावलं. स्टीलच्या ट्रेमध्ये वार होती. "बघा," त्या म्हणाल्या. "ह्या वयाची इतकी दाट, इतकी भरलेली वार मी पाहिली नाही. सुईनं केलं ते हे. अजून महिनाभर हिनं बाळाला आरामात पोसलं असतं." मग त्यांनी बोट कडेच्या काळ्या, घट्ट गोळ्यावर ठेवलं. "आणि हे मागं साठलेलं रक्त. इथं ती गर्भाशयापासून सुटली. धक्क्यानं."

"मी मारलं," धैर्यशील म्हणाला.

"वस्तादांना वाचवायला. मला सांगितलं त्या माणसांनी. दुसरा काय इलाज होता?"

त्याच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. ते त्यानं गिळलं. गेल्या काही महिन्यांत त्याला सवय झाली होती.

पोलीस आले, लिहून घेऊन गेले. संयोगितावर गुन्हा लागला नाही. बाईंनी तिच्या मणक्यातल्या पाण्याचा रिपोर्ट दिला. धैर्यशीलला तर कुणी काही विचारलंच नाही. आण्णांचा जबडा तारांनी बांधला, डावा डोळा गेला. पेठेतले लोक भेटायला यायचे आणि मुलाच्या पाठीवर थाप मारून जायचे, बाप वाचवलास म्हणून. तो मान हलवायचा.

फोलिनिक अ‍ॅसिडनं तिसऱ्या आठवड्यात संयोगिता माणसात आली. त्या मुठीनं मोडलेलं गालाचं हाड जुळत होतं. तिला काही आठवणार नाही, अशी धैर्यशीलची आशा होती. तिला सगळं आठवत होतं. आण्णांच्या पायांवर डोकं ठेवून ती इतकी रडली, की त्यांनीच, बांधलेल्या तोंडानं, हूं हूं करत तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात हवेत राहिला नाही.

धैर्यशीलशी ती काचेच्या पेटीपाशी बोलली. आत मुलगी नळ्यांमध्ये झोपली होती.

"मुद्गल खाली पडलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी आण्णांना हाक मारली होती."

"ऐकली मी."

"तुला मी काय काय केलं ते मला माहीत आहे. त्याची माफी मागायला तोंड नाही मला. पण मी का केलं ते बाईंनी मला पडद्यावर दाखवलं. इथं दार बंद होतं, इथं उपासमार होती. मी ते बघून स्वतःला सांगू शकते, की ही मी नव्हते." तिनं मुलीवरची नजर हलवली नाही. "तू कोण होतास, धैर्य?"

 'मी भोगलं किती' असं त्याला म्हणायचं होतं. मुलीच्या छातीकडे बघून त्याच्यानं ते म्हणवलं नाही.

मुलगी घरी न्यायजोगी झाली, तेव्हा संयोगिता तिला घेऊन आजऱ्याला माहेरी गेली. बाळंतपणाला माहेरी जायची रीतच आहे, लोकांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. न्यायला कधी येऊ, असं धैर्यशीलनं गाडीच्या खिडकीशी विचारलं. मी सांगीन, ती म्हणाली. बरेच दिवस तिनं काही सांगितलं नाही.

मग तो एकदा बाई शिकलगारांकडे गेला आणि म्हणाला, माझ्या मणक्यातलं पाणी तपासा.

"तुमचं? तुम्हाला काय झालंय?"

"तपासा. काहीतरी कमी असेल. तिच्याबरोबर एकाच घरात होतो, एकच जेवण जेवत होतो. निदान थोडं तरी कमी असेल."

बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.  त्यांनी त्याला कुशीवर झोपवलं आणि त्याच्या पाठीत लांब सुई घातली. दुखत होतं. अजून दुखावं असं त्याला वाटलं.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. तो हातात घेऊन धैर्यशील हॉस्पिटलच्या बाकावर बसला आणि त्यानं आजऱ्याला फोन लावला.

"काय?" संयोगिता म्हणाली. मागं मुलगी कुरकुरत होती.

"मणक्यातलं पाणी तपासून घेतलं. माझं."

मुलीची कुरकुर फोनजवळ आली; तिनं तिला उचलून घेतलं होतं.

"सगळं भरपूर आहे," तो म्हणाला. "कुठं काही कमी नाही."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. मग तिनं मुलीचं वजन सांगितलं. कालपेक्षा वाढलं होतं.